नाटककार राम गणेश गडकरी

वर्धा शहराच्या जवळ, धाम नदीच्या काठी पवनार नावाचे गाव आहे. आज ते आचार्य विनोबा भावे यांच्या आश्रमामुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु वाकाटक राजांची प्रवरपूर नावाची प्राचीन राजधानी हीच असावी, असे अनेक संशोधक मानतात. विदर्भाच्या या भूमीत काव्याला आणि नाट्याला फार जुन्या काळापासून मान होता. उत्तररामचरित हे श्रेष्ठ संस्कृत नाटक लिहिणारा महाकवी भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचाच होता. रामाने त्यागलेल्या सीतेचे दुःख त्याने इतक्या कोमलतेने वर्णिले आहे की, करुण रस म्हटला म्हणजे रसिकांना प्रथम भवभूतीचेच स्मरण होते. परंतु एवढे दुःख वर्णूनही भवभूतीने आपल्या नाटकाच्या अखेरीस राम आणि सीता यांची पुन्हा भेट घडवून आणली. प्रेक्षकांनी डोळे पुसावेत आणि प्रसन्न मनाने घरी जावे, असाच बहुतेक संस्कृत नाटककारांचा संकेत होता. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये आणि नाटकाचा शेवट गोड करावा, हा नियम शतकानुशतके पाळला गेला.

त्याच विदर्भात, वर्धा जिल्ह्याला लागून असलेल्या नागपूर जिल्ह्यातील सावनेर या गावी, ता. २३ जानेवारी १९१९ रोजी एका मराठी नाटककाराने देह ठेवला. त्याचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. हा जुना नियम बाजूला सारून, शेवट गोड न करताही नाटक मनुष्याचे कल्याण करू शकते, हे त्याने मराठी जनांस दाखवून दिले. त्या नाटककाराचे नाव राम गणेश गडकरी. त्यांचे एकच प्याला हे नाटक मराठीतील शोकांतिकांचा मुकुटमणी मानले जाते.

गडकरी यांचा जन्म ता. २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. त्यांच्या बालपणीची वर्षे गुजरातेतच गेली. घरात मराठी आणि घराबाहेर गुजराती, अशा वातावरणात ते वाढले. पुढे ज्याच्या लेखणीतून मराठी भाषेचा धबधबा कोसळावयाचा होता, त्या मुलाच्या कानांवर लहानपणी दुसऱ्याच भाषेचे बोल अधिक पडत होते, ही मोठी नवलाची गोष्ट होय. राम लहान असतानाच त्याचे पितृछत्र हरपले. घराची स्थिती हलाखीची झाली. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यास आले. तेथे मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण होऊ शकले नाही. वर्गातील पाठ्यपुस्तकांपेक्षा काव्य आणि नाटक यांतच त्यांचे मन अधिक रमत असे. पैशाची तर नेहमीच टंचाई होती.

त्या काळी महाराष्ट्रात नाटकाचे वेड सर्वत्र पसरले होते. विष्णुदास भावे यांनी इ. स. १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवर हे नाटक करून मराठी रंगभूमीचा पाया घातला होता. इ. स. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. गावोगावी नाटक मंडळ्या फिरत. रात्र रात्र प्रयोग चालत आणि बैलगाड्या जुंपून खेड्यापाड्यांतील लोक ते पाहावयास येत. अशा काळात तरुण गडकरी यांना किर्लोस्कर नाटक मंडळीत काम मिळाले. ते काम नटाचे नव्हते किंवा नाटककाराचेही नव्हते. मंडळीत जी लहान मुले काम करीत, त्यांना लिहावयास व वाचावयास शिकविणे, हे ते काम होते.

पगार थोडा होता. परंतु या नोकरीने गडकरी यांना पैशांहून मोलाची गोष्ट दिली. पडद्याच्या आतले जग त्यांना जवळून पाहावयास मिळाले. कोणत्या वाक्याला प्रेक्षक हसतात, कोणत्या प्रसंगी सगळे नाट्यगृह निःशब्द होते, पात्राने केव्हा यावे आणि केव्हा जावे, हे सारे ते रात्रीमागून रात्री बारकाईने पाहात होते. सुतार जसा लाकडाला हात लावूनच लाकूड ओळखावयास शिकतो, तसे गडकरी रंगभूमीच्या सहवासात राहूनच नाटक लिहावयास शिकले.

त्यांना गुरूही लाभला तो विदर्भातलाच. वऱ्हाडात वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्या वेळचे प्रख्यात नाटककार आणि विनोदी लेखक होते. गडकरी यांनी त्यांना मनोमन गुरू मानले आणि ही गुरुभक्ती अखेरपर्यंत सांभाळली. स्वतःची कीर्ती सर्वत्र पसरल्यावरही त्यांनी गुरूंचे ऋण कधी लपविले नाही.

गडकरी यांची लेखणी तीन नावांनी चालत असे. नाटककार म्हणून ते राम गणेश गडकरी होते. कवितेसाठी त्यांनी गोविंदाग्रज हे नाव घेतले होते, तर विनोदी लेखांसाठी बाळकराम हे. गोविंदाग्रजांच्या कविता वाग्वैजयंती या संग्रहात एकत्र आल्या आहेत. त्यांचे महाराष्ट्रगीत मुलेही आवडीने गातात. मृत बालकाला मांडीवर घेऊन, ते झोपलेच आहे असे मानणाऱ्या मातेवरची त्यांची कविता तर वाचणाऱ्याचे काळीज पिळवटून टाकते. उलट बाळकरामांचे ठकीचे लग्न वाचताना हसू आवरत नाही. रडविणारे आणि हसविणारे हे दोघे एकच आहेत, हे अनोळखी वाचकाला खरेही वाटणार नाही.

त्यांचे प्रेमसंन्यास हे नाटक १९१२ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बालविधवांचे दुःख हा त्याचा विषय होता. त्या काळी मुलींची लग्ने लहानपणीच होत आणि दुर्दैवाने पती वारला, तर त्या मुलीला जन्मभर एकाकी राहावे लागे. त्या गंभीर नाटकातही गोकुळ नावाचे एक विसराळू पात्र घालून गडकरी यांनी प्रेक्षकांना पोटभर हसविले. त्यानंतर पुण्यप्रभाव हे नाटक आले. त्यात एका साध्वी स्त्रीच्या सद्गुणांच्या तेजापुढे दुष्टाचे मन कसे पालटते, हे दाखविले आहे. भावबंधन हे त्यांचे हसत खेळत सुखाकडे जाणारे नाटक. राजसंन्यास हे ऐतिहासिक नाटक मात्र अपुरेच राहिले. या सर्वांहून अधिक कीर्ती लाभली ती एकच प्याला या नाटकाला.

या नाटकाची थोरवी कळण्यासाठी शोकांतिका म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. ज्या नाटकाचा शेवट दुःखात होतो ती शोकांतिका, असे साधारणपणे म्हणतात. परंतु एवढ्याने तिची ओळख पुरी होत नाही. एखाद्या वाटसरूच्या अंगावर वादळात झाड कोसळले, तर ती घटना दुःखाची खरी; पण तिच्यावर शोकांतिका रचता येणार नाही. तेथे मनुष्याची काही चूक नसते आणि त्याला काही निवडावयाचेही नसते. सुमारे २,३०० वर्षांपूर्वी ग्रीस देशात अ‍ॅरिस्टॉटल नावाचा थोर तत्त्ववेत्ता होऊन गेला. आपल्या देशातील नाटके पाहून त्याने या प्रश्नाचा खोल विचार केला. त्याच्या मते कथानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, संगीत आणि रंगभूमीवरील देखावा ही शोकांतिकेची सहा अंगे होत. आणि त्यांत कथानकाचे महत्त्व सर्वांत अधिक. शोकांतिकेचा नायक हा अगदी देवमाणूस नसावा आणि दुष्टही नसावा. तो आपल्यासारखाच, पण काही गुणांनी मोठा असलेला मनुष्य असावा आणि त्याच्या हातून घडलेल्या एखाद्या मोठ्या चुकीमुळे त्याचा नाश ओढवावा. देवमाणसाचा नाश पाहून आपल्याला संताप येतो. दुष्टाचा नाश पाहून समाधान वाटते. पण चांगल्या मनुष्याचा त्याच्याच चुकीने झालेला नाश पाहिला म्हणजे मनात दोन भावना एकदम उठतात. त्याच्याविषयी करुणा वाटते आणि आपलेही असेच होईल की काय, याचे भय वाटते. या करुणेने व भयाने मन धुऊन निघते, असे त्या तत्त्ववेत्त्याने म्हटले आहे.

इंग्लंडमधील महाकवी शेक्सपिअर याने अशा अनेक शोकांतिका लिहिल्या. त्या मराठीत गडकरी यांच्या आधीच आल्या होत्या. गोपाळ गणेश आगरकर यांनी हॅम्लेट नाटकाचे विकारविलसित हे रूपांतर केले होते आणि गोविंद बल्लाळ देवल यांनी ऑथेल्लोवरून झुंझारराव लिहिले होते. परंतु त्या कथा मूळच्या परदेशातील राजपुत्रांच्या आणि सेनापतींच्या होत्या. गडकरी यांनी आपला नायक निवडला तो महाराष्ट्रातील एका सामान्य घरातला. त्याला राज्य नव्हते, सैन्य नव्हते आणि त्याचा कोणी कपटी शत्रूही नव्हता. त्याच्यासमोर होता तो फक्त दारूचा एक पेला.

या नाटकाचा नायक सुधाकर हा बुद्धिमान आणि हुशार वकील आहे. त्याची पत्नी सिंधू सधन घरची असूनही साधी, प्रेमळ आणि पतीवर निस्सीम श्रद्धा ठेवणारी आहे. त्यांना एक लहान मूल आहे. रामलाल हा त्याचा जिवलग आणि शहाणा मित्र आहे. सुखाला कशाचीच उणीव नाही. परंतु सुधाकराच्या स्वभावात एक दोष आहे. तो अतिशय मानी आहे. अपमान त्याला क्षणभरही सहन होत नाही. एकदा न्यायालयात त्याचा पाणउतारा होतो. रागाच्या भरात तो उलट बोलतो आणि त्याची वकिलीची सनद काही काळापुरती रद्द होते. अपमानाच्या आठवणीने त्याला चैन पडत नाही. तळीराम नावाचा त्याचा एक कारकून असतो. तो स्वतः व्यसनी असतो. दुःख विसरण्यासाठी थोडे मद्य घ्यावे, एका पेल्याने काही बिघडत नाही, असे तो सुधाकराच्या मनात भरवितो. सुधाकर तो पहिला पेला ओठांना लावतो. तेथूनच त्याच्या अधःपाताला आरंभ होतो.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. तळीरामाने सुधाकराचे हात बांधून त्याला दारू पाजली नाही. त्याने पेला केवळ पुढे केला. तो उचलला सुधाकराने. अपमान बाहेरून आला, परंतु त्यावर काय उपाय करावयाचा, हे त्याच्याच हाती होते. खरी शोकांतिका येथेच असते. संकट मनुष्याच्या दाराशी येते; पण दार आतून उघडले जाते, ते त्याच्या स्वभावातील दोषामुळे.

यानंतर एका पेल्याचे अनेक पेले होतात. सुधाकराची वकिली जाते, प्रतिष्ठा जाते आणि घरात दारिद्र्य येते. ज्या सिंधूने माहेरी सुखाखेरीज काही पाहिले नव्हते, ती जात्यावर दळण दळून घर चालवू लागते. पण ती पतीविषयी वावगा शब्द काढीत नाही. मधूनमधून सुधाकराला शुद्ध येते. आपण काय करीत आहोत हे त्याला दिसते. तो पश्चात्तापाने पोळतो आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञाही करतो. प्रेक्षकाला वाटते की, आता हा सावरला. तो नोकरीच्या शोधात निघतो. पण त्याची पूर्वीची ख्याती आड येते, लोक त्याला दूर लोटतात आणि त्याचा अभिमान पुन्हा दुखावतो. जी जखम पहिल्या पेल्याला कारण झाली होती, तीच पुन्हा उघडी पडते आणि त्याचा हात पुन्हा पेल्याकडे जातो.

परत फिरण्याच्या अशा संधी गडकरी यांनी जाणूनबुजून कथानकात ठेवल्या आहेत. सुधाकर एकदम दरीत पडला असता, तर प्रेक्षकांनी हळहळून सुस्कारा सोडला असता. पण तो एक एक पायरी उतरत जातो आणि प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबून मागे पाहतो. म्हणून प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागतो. शेवटी नशेच्या भरात त्याच्याच हातून त्याच्या तान्ह्या मुलाचा अंत होतो आणि सिंधूही घायाळ होते. मरणाच्या दारी असतानाही ती पतीला वाचविण्याचाच प्रयत्न करते. आपल्या हातून काय घडले, हे सुधाकराला पुरते उमगते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. सिंधू जाते आणि तिच्यामागून सुधाकरही उरत नाही. डोळे उघडतात, पण ते उघडून काही उपयोग नसतो. शोकांतिकेतील सर्वांत दारुण क्षण हाच होय.

एवढ्या दुःखाच्या नाटकात गडकरी यांनी विनोदही भरपूर ठेवला आहे. तळीराम आणि त्याचे पिणारे सोबती यांनी आर्यमदिरामंडळ नावाची सभा काढलेली असते. तेथे दारूचे गोडवे गाताना ते जे तर्कट लढवितात, ते ऐकून प्रेक्षक पोट धरून हसतात. परंतु हा विनोद केवळ मनोरंजनासाठी घातलेला नाही. व्यसन प्रथम येते ते हसत, मित्राच्या रूपाने. त्याचे खरे रूप मागाहून दिसते. जे प्रेक्षक पहिल्या अंकात तळीरामाच्या बोलण्याला हसले, त्यांनाच शेवटच्या अंकात आपल्या त्या हसण्याची आठवण होऊन चुटपुट लागते. त्याच मंडळात आलेला भगीरथ नावाचा एक तरुण मात्र रामलालचा उपदेश ऐकून दारू सोडतो आणि लोकसेवेला लागतो. एकाच वाटेवरचे दोन प्रवासी. त्यांतला एक परत फिरला, दुसरा फिरला नाही. भगीरथाला पाहिले म्हणजे सुधाकराचा नाश अटळ नव्हता, हे अधिकच जाणवते.

स्वतः गडकरी यांच्या आयुष्यात दुःख थोडे नव्हते. लहानपणी वडील गेले, शिक्षण अपुरे राहिले, पैशाची ओढाताण कधी संपली नाही. त्यातच क्षयरोगाने त्यांना गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच उपाय वैद्य सांगत. त्यांचे बंधू सावनेर येथे राहात होते. तेव्हा हवापालटासाठी गडकरी यांना तेथे नेण्यात आले. शरीर झिजून गेले होते, ताप आणि खोकला पाठ सोडीत नव्हते. परंतु लेखणी थांबली नाही. एकच प्याला लिहून झाले होते. भावबंधन या नाटकाचे लेखन त्यांनी अखेरच्या आजारातच पूर्ण केले. मृत्यू उशाशी बसला असता प्रेक्षकांना हसविणारे प्रवेश लिहावयाचे, हे केवढे धैर्य! सुधाकराने एका अपमानापुढे हार खाल्ली. त्याला जन्म देणाऱ्या गडकरी यांनी मात्र जन्मभराच्या आपत्तींपुढेही हार खाल्ली नाही.

ता. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकरी यांचे निधन झाले. एकच प्याला रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. नाटकातील पदे रचण्याचे कामही त्यांच्या हातून होऊ शकले नाही. ती पुढे त्यांचे मित्र विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. गडकरी यांच्या मृत्यूला महिनाही झाला नव्हता, तोच ता. २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोदे येथे गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस यांनी सुधाकराचे काम केले, तर सिंधूची भूमिका बालगंधर्व यांनी केली. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करीत. एरव्ही बालगंधर्व भरजरी शालू आणि दागिने घालून रंगभूमीवर येत. लोक ते वैभव पाहावयास गर्दी करीत. परंतु सिंधूच्या दारिद्र्याच्या प्रवेशात ते ठिगळे लावलेल्या लुगड्यात जात्याशी बसले आणि अंगावर अलंकार नसतानाही त्यांच्या गाण्याने व अभिनयाने प्रेक्षकांना अश्रू आवरेनासे झाले. कथानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, संगीत आणि देखावा ही शोकांतिकेची सहाही अंगे त्या रंगभूमीवर एकत्र आली.

पुढे या नाटकाचे महाराष्ट्रात अगणित प्रयोग झाले. ते पाहून कितीकांनी आपल्या घरातील सुधाकर आणि आपल्या शेजारची सिंधू ओळखली. दारूबंदीवर व्याख्याने देणारे पुष्कळ होते. परंतु व्याख्यानातील उपदेश कानांपर्यंत जाऊन थांबतो, तर सिंधूच्या जात्याची घरघर काळजापर्यंत पोचते. सुधाकर वाईट असता, तर आपण त्याच्यासारखे नाही, असे म्हणून प्रेक्षक मोकळे झाले असते. तो चांगला होता, म्हणून तर त्यांना तसे म्हणता आले नाही.

गडकरी गेल्यानंतर १५ वर्षांनी, १९३४ मध्ये, महात्मा गांधी वर्ध्यास आले. १९३६ पासून ते वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहू लागले. तेच गाव पुढे सेवाग्राम या नावाने जगाला ठाऊक झाले. दारूने गरिबांचे संसार उद्ध्वस्त होतात, हे गांधीजी जन्मभर सांगत आले होते. त्यांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या वर्धा जिल्ह्यात दारूविक्रीला कायद्याने बंदी आहे. कायदा दुकानाचे दार बंद करू शकतो; पण कायद्यालाही चोरवाटा सापडतात. पहिला पेला पुढे आला असता तो दूर सारण्याचे बळ मनुष्याच्या मनातच असावे लागते. ते बळ निर्माण करण्याचे काम धर्म, शिक्षण आणि साहित्य यांचे आहे. गडकरी यांनी ते काम नाटकाच्या द्वारे केले.

मनुष्याच्या आयुष्यात दोन प्रकारची दुःखे येतात. काही दुःखे न बोलावता येतात. ती धीराने सोसावी लागतात. काही दुःखे मात्र मनुष्य स्वतःच्या हाताने, एका लहानशा चुकीपासून ओढवून घेतो. ती टाळता येण्यासारखी असतात. पहिल्या प्रकारचे दुःख गडकरी यांनी स्वतः भोगले आणि हसतमुखाने लेखणी चालवीत सोसले. दुसऱ्या प्रकारचे दुःख त्यांनी सुधाकराच्या रूपाने रंगभूमीवर उभे केले. भवभूतीच्या विदर्भातच या नव्या काळाच्या नाटककाराची जीवनयात्रा संपली. भवभूतीने रामाला त्याची सीता परत दिली. गडकरी यांनी सुधाकराला सिंधू परत दिली नाही. परंतु त्यांचे नाटक पाहून जे वेळीच सावध झाले, त्यांच्या घरोघरच्या सिंधूंना त्यांचे सुधाकर परत मिळाले असतील. नाटककाराच्या श्रमांचे याहून मोठे सार्थक ते कोणते?